आधी आंबट शिका: फिलिपिनो स्वयंपाक घरी शिकताना

नवऱ्याची बदली फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसला ठरली, तेव्हा मी मराठीत बरंच शोधलं. मनिलात भारतीय किराणा कुठे मिळतो, डाळी कुठल्या दुकानात, पनीर कुठे, हे सगळं सापडलं. तिथलं जेवण आपल्या हातानं करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी, यावर मात्र काही मिळालं नाही. २०२२-२३ मध्ये तिथं राहून मी हे शिकले. नाताळच्या रात्री फिलिपिनो शेजाऱ्यांना माझ्या हातचं वाढण्यापर्यंत पोचले. त्या वाटेवर कोणी असेल तर त्याला सोपं जावं म्हणून क्रमानं लिहिते आहे.

आधी एक सांगायला हवं. आम्ही निफाड तालुक्यातले. घरात कोंबडी, मासे, अंडी चालतात. डुकराचं आणि गाईचं मांस आम्ही खात नाही. फिलिपिनो स्वयंपाकात डुकराचं मांस पदोपदी येतं, त्यामुळे मी जे शिकले ते कोंबडी, मासे आणि भाज्यांवरून शिकले. त्यानं काही अडलं नाही.

आम्ही जून २०२२ मध्ये पोचलो, पावसाळा लागताना. लॉस बान्योस हे लागुना प्रांतातलं गाव, मनिलाच्या दक्षिणेला, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी. १९६० पासून तिथं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, त्यामुळे भातावर काम करणाऱ्या माणसांची ये-जा असते आणि परदेशी भाडेकरू गावाला नवे नाहीत. नवरा एका बियाणे कंपनीत आहे. घर मिळालं, पण भाड्याची रीत वेगळी होती: दोन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं आगाऊ भाडं आणि उरलेल्या महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक. चेकसाठी बँकेत खातं लागतं, खात्यासाठी परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र लागतं आणि ते कार्ड कामाचा व्हिसा झाल्यावरच हातात पडतं. यात महिने जातात. आमच्या घरमालकीणबाईंनी तोवर रोख भाडं घ्यायची तयारी दाखवली. तुम्हीही मोकळेपणानं विचारा, आणि दर महिन्याची सही केलेली पावती मागून घ्या.

या बाई सत्तरीच्या. सगळी गल्ली त्यांना नानाय म्हणते, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले, आणि वाक्याच्या शेवटी आदराचा ‘पो’ लावायला पहिल्याच आठवड्यात शिकले. तेवढ्या एका अक्षरानं बाजारात आणि शेजारात माणसं जवळ येतात. त्या मला ‘अनाक’ म्हणतात, लेकरू. पुढचं सगळं शिक्षण त्यांच्या मागच्या पडवीतल्या चुलीपाशी झालं.

गॅसचं काम भारतापेक्षा खूप सोपं निघालं. पुस्तक नाही, नोंदणी नाही. दुकानात फोन केला की मुलगा मोटरसायकलवर ११ किलोची टाकी घेऊन येतो. गॅस त्या वेळी हजार पेसोंच्या आसपास होता. पहिल्यांदा टाकी, रेग्युलेटर आणि नळीचे पैसे वेगळे पडतात. एक पेसो म्हणजे तेव्हा साधारण दीड रुपया. टाकीचं सील शाबूत आहे का ते बघा, रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं ते ताडून घ्या आणि जोडल्यावर साबणाचा फेस लावून गळती तपासा. मनिलात उंच इमारतीत राहणार असाल, तर करारावर सही करण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात गॅस चालतो का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी फक्त विजेच्या शेगडीची परवानगी असते, आणि इंडक्शनवर मातीचं पातेलं तापत नाही. या स्वयंपाकात मातीच्या पातेल्याचं, म्हणजे पालायोकचं, काम बरंच पडतं.

मग बाजार. भाजीमासळीच्या मंडईला पालेंगके म्हणतात. मी जीपनीनं, म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या छोट्या बसनं जायची. जूनमध्ये कमीत कमी भाडं १० पेसो होतं, जुलैत ११ झालं, ऑक्टोबरात १२. सुट्टे पैसे जवळ ठेवा. सकाळी सहा ते आठ ही वेळ चांगली, नंतर मासळी उरते ती उरलेलीच. एकाच विक्रेत्याकडे सतत जायचं, म्हणजे तुम्ही तिचे ‘सुकी’, नेहमीचं गिऱ्हाईक, बनता. माझी मासेवाली, माझी भाजीवाली आणि माझा नारळवाला अशी तीन माणसं मी धरली. भाव थोडा कमी होतो हा लहान फायदा. मोठा फायदा असा की ‘हे आज घेऊ नको’ असं तीच सांगते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला या बाजारात फारसं परकं वाटणार नाही. तानिगे म्हणजे आपली सुरमई. अलुमाहान म्हणजे बांगडा. अलामांग म्हणजे जवळ्याएवढी कोलंबी, आणि ती मिठात मुरवली की तिचं बागोओंग होतं. कामियास म्हणजे बिंबली. गाबीची पानं म्हणजे अळू. कांगकोंग म्हणजे नाळीची भाजी. सिताव म्हणजे हातभर लांब चवळीच्या शेंगा. माडाच्या ताडीला इथं तुबा म्हणतात, आणि तिचा सिरका (व्हिनेगर) गोव्यातल्या माडाच्या सिरक्याच्या जवळचा. मी नाशिककडची, मला यातलं निम्मं कोकणातल्या मावशीमुळे माहीत होतं, तेही कामाला आलं.

सगळ्यात आधी नानायनी मला कुठलाही पदार्थ शिकवला नाही. त्यांनी फळीवरच्या बाटल्या काढल्या आणि चमच्यावर एकेक थेंब चाखायला दिला: उसाचा सिरका, माडाचा सिरका, इलोकोसकडचा काळपट सिरका. मग कालामांसी (इथलं छोटं लिंबू), कच्ची चिंच, कामियास. कुठला आंबटपणा जिभेच्या टोकाला लागतो, कुठला घशात उतरतो, कुठला भाताबरोबर बरा, हे चाखून घ्यायचं. आपण मसाल्याचा डबा उघडून स्वयंपाकाला लागतो. इथं तो मान आंबटाचा आहे. हे समजायला मला बरेच दिवस लागले, आणि माझ्या मते पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे. म्हणून नव्या माणसाला मी हेच सांगते: पाककृती गोळा करायच्या आधी तीन सिरके विकत घ्या. लिटरची बाटली तेव्हा चाळीस-पन्नास पेसोंना मिळायची.

जुलैत आदोबो, म्हणजे सिरक्यात शिजवलेला पदार्थ. किलोभर कोंबडी (तेव्हा साधारण दोनशे पेसो), अर्धी वाटी सिरका, त्याहून थोडा कमी सोया सॉस, लसणाचा एक अख्खा गड्डा ठेचून, तीन तमालपत्रं, चमचाभर अख्खे मिरे, वाटीभर पाणी. कांदा नाही, फोडणी नाही. सगळं एकत्र ठेवून उकळी आणायची आणि सिरक्याचा उग्र वास उडेपर्यंत झाकण ठेवायचं नाही, ढवळायचंही नाही. ‘हुवाग हालुइन,’ नानाय म्हणायच्या. ढवळू नको. मी ढवळण्यात वाढलेली. डाव हातात नसला की मला स्वयंपाक चाललाय असं वाटत नाही. पण खरंच, पाच-सात मिनिटांत वास बदलतो. नाकात जाणारा तिखटपणा जातो आणि मागे गोडसर आंबट दरवळ राहतो. त्यानंतर झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास. मग कोंबडीचे तुकडे काढून थोड्या तेलात परतायचे, रस्सा आटवायचा, पुन्हा एकत्र करायचं. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, म्हणून पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्री करून ठेवा.

आदोबोचा एकच खरा प्रकार कुठला, असं कोणाला विचारू नका. २०२१ मध्ये सरकारच्या व्यापार खात्यानं आदोबोचं प्रमाण ठरवायचं काढलं, तेव्हा देशभर लोक चिडले होते. प्रत्येक घराची कृती वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी. सोया सॉस नसलेला पांढरा आदोबो सोया सॉसवाल्याहून जुना मानतात. शेजारच्या बातांगास प्रांतात हळद घालून पिवळा करतात, तो मला सर्वांत आवडतो. ओली हळद किसून घालायची. त्या पातेल्याला आमच्या घराचा वास येतो.

ऑगस्टभर पाऊस होता आणि मी सिनिगांग शिकले. आंबट, पातळ, वाफाळता रस्सा. कच्च्या चिंचा पाण्यात उकळायच्या, साली फुटल्या की कुस्करून गाळून घ्यायच्या. रश्श्याला पाणी म्हणून तांदळाचं दुसरं धुवण घ्यायचं. त्यानं रस्सा किंचित दाट होतो आणि माशाचा वास दबतो. धुवणात टोमॅटो आणि कांदा उकळायचा, मग मुळा, मग चवळीच्या शेंगा, वांगं, मग मासा किंवा कोलंबी, चिंचेचं पाणी, अख्खी लांब हिरवी मिरची आणि शेवटी गॅस बंद करून कांगकोंग. भाज्या याच क्रमानं, शिजायला लागणाऱ्या वेळेप्रमाणे. चिंचेची तयार पूड पाकिटात मिळते आणि बहुतेक घरांत रोज तीच वापरतात. तेव्हा वीसेक पेसोंचं काम होतं आणि त्यात काही कमीपणा नाही. पण एकदा तरी कच्च्या चिंचेचं करा. कामियास, कैरी, पेरू, सांतोल, कशानंही सिनिगांग आंबट करता येतं, आणि दर वेळी वेगळाच पदार्थ जेवल्यासारखा वाटतो.

इथं मला दुसरी गोष्ट उमगली. रश्श्यात मीठ कमी ठेवतात. ताटाशेजारी लहान वाटी येते: पातिस, म्हणजे माशाचं खारं पाणी, त्यात कालामांसी पिळलेली आणि एक मिरची चुरडलेली. तिला साउसावान म्हणतात. ज्याला जेवढं हवं तेवढं तो बुडवून घेतो. स्वयंपाक करणारीनं चव पूर्ण करून वाढायची नसते. शेवटचं माप जेवणाऱ्याच्या हातात असतं. आमच्याकडे पाहुण्यानं वरून मीठ मागितलं की बाईचा चेहरा पडतो. नानायच्या घरी कोणी वाटीला हात लावला नाही तर त्या विचारत, बरं वाटत नाही का? मला ही रीत फार आवडली. तिच्यात जेवणाऱ्यावरचा विश्वास आहे.

शाकाहारी मंडळींसाठी इथंच लिहिते. भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी समजू नका. पातिस किंवा बागोओंग जवळजवळ प्रत्येक भाजीत असतं आणि ‘मांस नाही’ याचा अर्थ मासळी नाही असा होत नाही. बाहेर जेवताना दोन्ही नावं घेऊन विचारा. घरी करताना मीठ, थोडा सोया सॉस आणि तव्यावर भाजलेलं अळंबं यांनी बरंच निभतं. माझी एक शुद्ध शाकाहारी मैत्रीण कांगकोंगचा आदोबो याच पद्धतीनं करते आणि तो उत्तम होतो.

१ सप्टेंबरला दुकानांत नाताळची गाणी सुरू झाली. खरंच, इथं सप्टेंबर लागला की नाताळ लागतो. त्याच महिन्यात एका संध्याकाळी कुंपणाशी उभ्या उभ्या नानाय म्हणाल्या, ‘अनाक, या वर्षी नोचे बुएनाला दोन-तीन पदार्थ तुझे.’ नोचे बुएना म्हणजे २४ डिसेंबरच्या मध्यरात्री, चर्चमधून आल्यावर सगळ्या घरानं एकत्र बसून करायचं जेवण. त्यांची मुलं, सुना, नातवंडं मिळून वीस-बावीस माणसं. मी हो म्हणाले आणि घरात येऊन पोटात गोळा आला. ही वर्षातली सर्वांत मोठी रात्र. तिथं परक्या बाईनं त्यांचेच पदार्थ त्यांना वाढायचे.

मी लाइंग निवडलं, कारण अळू मला ओळखीचं होतं. हा बिकोल भागाचा पदार्थ, नारळाच्या दुधातलं सुकवलेलं अळू. सुकी पानं बाजारात बांधून मिळतात. नारळ तिथल्या तिथं यंत्रावर खवून देतात, तेव्हा एका नारळाचे चाळीसेक पेसो पडायचे. घरी आणून पहिलं दूध पाणी जवळजवळ न घालता पिळायचं, ते काकांग गाता. ते बाजूला ठेवायचं. मग कोमट पाणी घालून दुसरं पातळ दूध. पातळ दुधात आलं, लसूण, कांदा, गवती चहाची काडी, थोडी सुकी कोलंबी आणि भरपूर मिरच्या घालून उकळी आणायची. त्यावर सुकं अळू पसरायचं, पळीनं हलकेच दाबायचं, आणि पुन्हा तेच: ढवळायचं नाही. पानं दूध पिऊन मऊ होईपर्यंत हात लावायचा नाही, नाहीतर घसा खाजतो असं सगळे सांगतात. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी खाज येते. म्हणून आपण चिंच घालतो आणि भरपूर शिजवतो. इथं पानं वाळवणं आणि दीर्घकाळ शिजवणं यांवर भर आहे. शेवटी दाट दूध घालून तेल सुटेपर्यंत मंद आच. तास-दीड तास सहज लागतो. घाई असेल त्या दिवशी लाइंग करूच नका.

पहिल्या घासाला मला अळूचं फतफतं आठवलं आणि पुढच्याच क्षणी विसरलं, इतकं ते वेगळं आहे. दाट, तिखट, किंचित कडवट. बिकोलची माणसं तिखट खातात, त्यामुळे आमच्या घरी हा पदार्थ सर्वांत लवकर रुळला.

२९ ऑक्टोबरला पाएंग वादळ आलं. आमच्या लुझोन बेटाच्या दक्षिण भागावर प्रचंड पाऊस, लागुनात ठिकठिकाणी पाणी, आमच्या गल्लीत वीज गेली. पालेंगके बंद. आदल्या दिवशी नानायनी मला बजावलं होतं की मोठं पातेलं भरून आदोबो कर आणि सिरका हात सैल सोडून घाल. फ्रीजशिवाय तो टिकला. सकाळ-संध्याकाळ उकळी काढत राहिलो आणि मेणबत्तीच्या उजेडात भाताबरोबर तेच जेवलो. या देशात वादळं दर वर्षी येतात. सिरक्यात शिजवण्याची रीत या हवेतूनच आली असावी, हे त्या अंधारात मला पटलं.

नोव्हेंबरात पिनाकबेत झालं: कारलं, भेंडी, वांगं, टोमॅटो आणि बागोओंग. उत्तरेच्या इलोकोस भागातल्या इलोकानो बायका पाणी जवळजवळ घालत नाहीत आणि पातेलं दोन्ही हातांनी उचलून हलवतात. सोपं आहे, कारल्यावर प्रेम असलं की झालं. मनिला-लागुनाकडच्या तागालोग घरांत त्यात लाल भोपळा पडतो.

कारे-कारे मात्र सोपं नाही. मूळ पदार्थ गाईच्या शेपटाच्या मांसाचा. मी नानायना विचारलं, ते वगळून चालेल का? त्या म्हणाल्या, पातेल्यात दाणे आणि केळफूल असलं म्हणजे बाकी तुझ्या घरचं. मग मी फक्त भाज्यांचं केलं. दाणे खरपूस भाजून वाटायचे, मूठभर तांदूळ कोरडे भाजून त्याचं पीठ करायचं, ते दाटपणासाठी. रंगासाठी शेंद्रीच्या बिया कोमट पाण्यात चोळून लाल पाणी काढायचं. केळफुलाचे आतले पांढरे थर, लांब वांगी, चवळीच्या शेंगा आणि पेचाय नावाची पालेभाजी वेगवेगळं उकडून रश्श्यात सोडायचं. दाण्याची आमटी करणाऱ्या हातांना हे अवघड नाही, फक्त जिरं आणि आमसूल डब्यातच राहू द्यायचं. रस्सा मुद्दाम अळणी ठेवतात. सगळं मीठ शेजारच्या परतलेल्या बागोओंगमध्ये असतं. अळणी रस्सा वाढताना माझा हात आजही थांबतो, पण बागोओंगचा एक कण घासाला लावला की पदार्थ पूर्ण होतो. दाणे थोडे जास्त भाजा, शेंद्री कमी घ्या, आणि रस्सा खाली लागतो म्हणून याला मात्र ढवळायचं.

डिसेंबर लागला आणि कांदा महागला. इथला कांदा मुख्यतः नुएवा एसिहा प्रांतातून येतो. तिथलं बोंगाबोन कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या वर्षी साठे संपले, आयात झाली नाही आणि भाव रोज चढत गेला. महिनाअखेर मनिलाच्या बाजारांत लाल कांदा सहाशे-सातशे पेसो किलो होता, कोंबडीच्या तिप्पट, गाईच्या मांसापेक्षाही महाग. ३० डिसेंबरपासून सरकारनं किलोला २५० पेसो हा सुचवलेला भाव जाहीर केला, पण त्या भावात देणारा विक्रेता मला भेटला नाही. माझी भाजीवाली एकेक कांदा वजन करून विकत होती. मी कांदे पिकवणाऱ्या घरातली मुलगी, ते बघवत नव्हतं.

सासूबाई नाताळाला येणार होत्या. त्यांनी फोनवर विचारलं, ‘दोन किलो कांदे आणू का गं?’ मी नको म्हणाले. फिलिपिन्समध्ये ताजी भाजी, फळं, कंद आणायचे तर वनस्पती विभागाची आयात परवानगी आधी काढावी लागते; ती नसेल तर विमानतळावर माल जप्त होतो. जानेवारी २०२३ मध्ये आखाती देशांतून आलेल्या विमान कर्मचाऱ्यांच्या सामानातले कांदे मनिला विमानतळावर असेच जप्त झाले, त्याची बातमी सगळीकडे गाजली. कोणी नातेवाईक प्रेमानं आणतो म्हणाले तरी त्यांना अडवा. सासूबाईंनी गोडा मसाला आणला, सीलबंद पाकिटात.

नोचे बुएनाचे पदार्थ ठरले: भाज्यांचं कारे-कारे, लाइंग आणि हळदीचा कोंबडीचा आदोबो. आदोबोला कांदा लागतच नाही, कारे-कारेत थोडा, लाइंगमध्ये मी लसूण आणि आलं वाढवलं. तिन्हींचा मिळून खर्च दोन हजार पेसोंच्या आत बसला. दाणे आणि नारळ यांचाच वाटा मोठा. बाजार २२ तारखेलाच उरकला; २३ आणि २४ ला पालेंगकेत पाय ठेवायला जागा नसते आणि भाव तासातासाला वाढतात. आदोबो २३ च्या रात्री केला. केळफूल आणि भाज्या २४ च्या दुपारी. लाइंग संध्याकाळी, सासूबाई शेजारी स्टुलावर बसून नारळ पिळत होत्या.

१६ डिसेंबरपासून २४ पर्यंत रोज पहाटे चर्चमध्ये प्रार्थना असते, सिम्बांग गाबी. नानाय एकही पहाट चुकवत नाहीत. परतताना चर्चबाहेरच्या गाड्यावरून त्या बिबिंगका, म्हणजे तांदळाचा केक, आणायच्या. एका पहाटे मी आणि सासूबाई त्यांच्याबरोबर गेलो. भिजवलेले तांदूळ वाटून त्यात अंडी, साखर, नारळाचं दूध. मातीच्या साच्यात विस्तवावर शेकलेलं केळीचं पान, वर पत्रा आणि पत्र्यावर निखारे. खालून आणि वरून आच. वर खारवलेल्या अंड्याची चकती आणि ओला नारळ. सासूबाई गाड्यापाशी खिळून उभ्या राहिल्या. गोव्यात त्यांनी वरून निखारे ठेवून बेबिंका भाजताना पाहिली होती. त्यांनी खुणांनीच विक्रेतीला निखाऱ्यांचं प्रमाण विचारलं, आणि तिनंही ते नीट दाखवलं. घरी करायचं तर ओव्हन-टोस्टर पुरतो. दोन्ही बाजू चालू, केळीचं पान आधी आचेवरून फिरवून मऊ करून घ्या, नाहीतर दुमडताना चिरतं.

२४ च्या रात्री टेबलावर हॅम, गोल लाल चीज, पान्सित (नूडल्स), गोड स्पॅगेटी, फळांचं सॅलड असं सगळं होतं, आणि मध्ये माझी तीन पातेली. कोणी भाषण केलं नाही, कोणी कौतुकाचा सोहळा केला नाही. नानायच्या थोरल्या लेकानं लाइंग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. धाकट्या सुनेनं विचारलं की हळद ओली होती की सुकी. एका नातवाला कारे-कारेत मांस हवं होतं, तसं त्यानं स्पष्ट सांगितलं. मला हलकं वाटलं. परीक्षा असल्याची भीती होती आणि ते साधं घरचं जेवण निघालं. माझ्या पदार्थांभोवती साउसावानच्या चार वाट्या फिरत होत्या आणि मला एकदाही वाईट वाटलं नाही.

फेब्रुवारीअखेर घरून फोन आला. लासलगावला कांदा किलोला चार-पाच रुपयांवर आला होता, शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले होते. त्या वेळी मनिलातला भाव उतरला होता, तरी आमच्या भावाच्या कैक पट होता. वडील एवढंच म्हणाले, ‘तिकडं काय भाव?’ मी खरा आकडा सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत.

मे २०२३ मध्ये सुट्टीला नाशिकला आलो. महाराष्ट्रात हे करणाऱ्यांसाठी नाशिकचा अनुभव लिहिते, कारण बहुतेक वाचक महाराष्ट्रातच असतील. सिनिगांगला मेमध्ये कच्ची चिंच नसते. कैरी घेतली, ती फिलिपिन्समध्येही वापरतात. कांगकोंग म्हणजे आपली नाळीची भाजीच, ती नसेल तर पालक अगदी शेवटी. मुळा, वांगी, चवळीच्या शेंगा, टोमॅटो आपल्याकडे आहेतच. आदोबोसाठी गोव्याहून येणारा माडाचा सिरका मिळाला तर उत्तम. नाहीतर उसाचा घ्या. साध्या पांढऱ्या व्हिनेगरला निम्मं पाणी घाला, ते फार तीव्र असतं. सोया सॉस गडद नको, पातळ घ्या. कालामांसीच्या जागी कागदी लिंबात संत्र्याचा थोडा रस. बागोओंग मी आणलं नाही. सुका जवळा भाजून, लसूण, टोमॅटो, चिमूटभर गूळ आणि थोडा सिरका घालून तेल सुटेपर्यंत परतला, तर कारे-कारेला पुरतो. लाइंगसाठी अळूची पानं देठं काढून तीन-चार दिवस सावलीत वाळवा. कोरडी कडक झाली की डब्यात महिनाभर राहतात. शेंद्रीच्या बिया मिळाल्या नाहीत तर रंगासाठी काश्मिरी मिरची बिया काढून टाकून पाण्यात वाटा.

सासूबाई आता आठवड्यातून एकदा हळदीचा आदोबो करतात. त्यात त्या गूळ घालतात. नानायना फोनवर सांगितलं, तर त्यांनी किती घालतात ते विचारून घेतलं.